विश्लेषण : पहिली मोटरसायकल घरी आली, पण चालक तयार आहे का?

दसरा असो वा पाडवा, शोरूमबाहेरचे दृश्य दरवर्षी सारखेच असते. हँडलला झेंडूचा हार, टाकीवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकाखाली लिंबू आणि हातात पेढ्यांचा पुडा. वडील हप्त्यांचा हिशेब मनात करत उभे असतात, आई ताम्हन घेऊन येते आणि अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी चावी हातात घेऊन फोटोसाठी थांबते. गाडी त्याच दिवशी तयार असते. चालक तयार व्हायला मात्र काही आठवडे लागतात. या मधल्या काळात काय सांभाळायचे?

पहिल्या मोटरसायकलचे इतके अप्रूप का?

एकेकाळी बजाजच्या चेतक स्कूटरसाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या आणि तरुणांची ओढ मोटरसायकलकडे वळली. २००१ मध्ये पुणे जिल्ह्यातील बजाजची पल्सर आली आणि कॉलेजच्या पार्किंगचे रूपच बदलले. आज कर्जामुळे गाडी लगेच मिळते, पण ओढ तीच आहे. एसटीची वेळ पाळावी लागत नाही, शेअर रिक्षा भरण्याची वाट पाहावी लागत नाही, तालुक्याच्या क्लासला किंवा एमआयडीसीतील पहिल्या नोकरीला स्वतःच्या वेळेने जाता येते. अनेक घरांत ती मुलाची पहिली गाडी नसते, घराचीच पहिली गाडी असते.

धोका नेमका किती?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातील जवळपास ७५ हजार जण दुचाकीवर होते. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५० हजारांहून अधिक दुचाकीस्वारांचा मृत्यू झाला. त्यात १४ हजारांहून अधिक जण मागे बसलेले होते. म्हणजे गाडी घेताना दोन हेल्मेटचा विचार करणे हा अतिरेक नाही.

कायदा काय सांगतो?

गिअरची मोटरसायकल चालवण्यासाठी १८ वर्षे पूर्ण हवीत. सोळाव्या वर्षी मिळणारी मुभा फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी सापडली तर कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. त्या गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ‘गल्लीतच तर चालवतोय’ ही सबब इथे चालत नाही.

शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो. तो मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. सर्वाधिक मोडला जाणारा नियम डबलसीटचा. शिकाऊ चालकाला मागे फक्त शिकवणारी व्यक्ती बसवता येते आणि तिच्याकडे पक्का परवाना हवा. नवी गाडी पाहून ‘चल, एक चक्कर मारू’ म्हणणारा मित्र या व्याख्येत बसत नाही.

विमा पाच वर्षांचा असतो ना?

अर्धाच. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. त्यातून अपघातात इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई मिळते. स्वतःच्या गाडीचे नुकसान किंवा चोरी यासाठीचे संरक्षण वेगळे असते आणि ते बहुधा दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. ‘पाच वर्षे बघायला नको’ असे समजून अनेकांचे हे संरक्षण दुसऱ्याच वर्षी संपते. मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षणही असते, मात्र त्यासाठी वैध परवाना लागतो. परवान्याविना गाडी चालवताना अपघात झाला तर गाडी जाते, दावा फेटाळला जाऊ शकतो आणि कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहतात.

ब्रेकची गफलत कुठे होते?

सायकलवरून आलेल्या नव्या चालकाला पुढच्या ब्रेकची भीती वाटते. ‘पुढचा दाबला की तोंडावर पडतो’ हे त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. त्यामुळे तो फक्त पाय दाबतो, मागचे चाक घसटते आणि गाडी आडवी जाते. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे सरकतो, म्हणून थांबवण्याचे मोठे काम पुढचेच चाक करते. दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू वाढवत आणि हँडल सरळ ठेवून लावणे ही खरी सवय. ती मोकळ्या मैदानात, कमी वेगात मुद्दाम करावी लागते.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस बंधनकारक आहे. त्याहून लहान गाड्यांत निदान सीबीएस असते, म्हणजे एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे हँडल ताब्यात राहते. पण अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असते. वाळू, चिखल किंवा ओल्या पानांवर गाडी थांबायला अंतर लागतेच.

हे अंतर किती? ताशी ४० किमी वेगात धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे जाते. कोरड्या चांगल्या रस्त्यावर पूर्ण थांबायला आणखी साधारण १० मीटर लागतात. ताशी ६० च्या वेगात हेच आकडे अंदाजे १७ आणि २३ मीटर होतात. वेग दीडपट झाला, पण लागणारे अंतर २१ वरून ४० मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट झाले.

पहिले काही दिवस कसे चालवावे?

नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे सुरुवातीच्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये वळणावर गाडी फार झुकवू नये. इंजिनचे नवे भागही एकमेकांशी जुळत असतात. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या वेगाच्या मर्यादा पाळाव्यात, एकाच वेगात सलग चालवू नये आणि पहिली सर्व्हिसिंग वेळेवर करावी. गंमत अशी, की इंजिनला लागणारा हा संयमच चालकालाही हवा असतो. पहिले दिवस पहाटेचे मोकळे रस्ते, मग गर्दी, मग पाऊस, मग रात्र आणि घाट सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला तर दोघेही एकदमच तयार होतात.

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते. रंगवलेले पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणे निसरडी होतात. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही दुचाकी दिसत नाही, हे गृहीत धरावे. मागे कोणी बसणार असेल तर साडीगार्ड काढू नये. ओढणी किंवा पदर चाकात अडकून होणारे अपघात त्यामुळे टळतात.

खर्चात कपात कुठे नको?

३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. या बचतीतून अनेक जण सायलेन्सर, स्टिकर किंवा रंगीत दिवे घेतात. पहिला हक्क हेल्मेटचा आहे. त्यावर आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा मानक क्रमांक असावा. १ जून २०२१ पासून याशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकण्यास बंदी आहे. नव्या दुचाकीसोबत हेल्मेट देणे नियमानेच बंधनकारक आहे. ते शोरूममध्ये आवर्जून मागावे. हेल्मेट डोक्यावर घट्ट बसायला हवे आणि पट्टा लावलेला हवा. हँडलला किंवा कोपराला अडकवलेले हेल्मेट पोलिसापुरते असते.

घरच्यांनी काय करावे?

चावी काढून घेण्याची धमकी फारशी उपयोगी पडत नाही. पहिल्या महिन्यात घरातील अनुभवी माणसाने मागे बसून चार फेऱ्या मारणे जास्त कामाचे. ‘पोहोचलास का’ हा फोन गाडी चालू असताना न करणे हीदेखील मदतच. पूजेच्या ताटात कुंकू, फुले आणि नारळासोबत दोन हेल्मेट ठेवली, तर पहिल्या दिवशीच्या फोटोतच पुढची सवय दिसेल.