घरच्या कामासाठी बिनतारी फोन

फोन म्हणजे काय, हे आता कोणाला सांगावयास नको. पोराटोरांच्या हातातही मोबाईल असतो. तरी आज मी तुम्हाला एका निराळ्या फोनची माहिती सांगणार आहे. हा फोन घरातच राहतो, पण दोरीने बांधलेला नसतो. त्याच्या जोडीला डोक्यावर घालायचा हेडसेट असतो. असला फोन कोणाला लागतो? तो घेताना काय पाहावे? आमच्या घरी याचा चांगलाच धडा मिळाला. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

आमच्या धाकट्या मुलाची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, कोबी, वांगी यांची रोपे तो ट्रेमध्ये तयार करतो आणि शेतकऱ्यांना विकतो. तो दिवसभर रोपांत असतो. मागण्या घेणे, हिशेब ठेवणे, उधारी वसूल करणे ही कामे सूनबाई पाहते. पडवीत एक टेबल, एक वही आणि एक फोन. हीच आमची कचेरी.

फोन दोरीचा होता. डाव्या खांद्यावर मान वाकवून सूनबाई तो कानाशी दाबून धरी आणि उजव्या हाताने वहीत लिही. मध्येच पोर रडे, मध्येच दारात कोणी हाक मारी. एके दिवशी एका शेतकऱ्याने टोमॅटोची सोळा हजार रोपे सांगितली. नेमका त्याच वेळी फोन खांद्यावरून घसरला. सूनबाईने ‘सहा हजार’ ऐकले आणि तसेच लिहिले.

पुढे काय झाले असेल, ते तुम्ही ओळखलेच असेल. महिन्याने तो शेतकरी टेम्पो घेऊन आला. सऱ्या पाडलेल्या, ठिबकच्या नळ्या अंथरलेल्या, दुसऱ्या दिवशीसाठी बाया सांगून ठेवलेल्या. आणि रोपे दहा हजार कमी! बिचारा बोलला काही नाही. डोक्याला हात लावून पायरीवर बसला. मुलाने दुसऱ्या रोपवाटिकेतून चढ्या भावाने रोपे आणून दिली. त्या हंगामाची कमाई त्यातच गेली. सूनबाई दोन दिवस नीट जेवली नाही.

तेव्हा मी म्हणालो, “सूनबाई, दोन्ही हात मोकळे राहतील असा फोन घेऊ.”

“पण मामा, मोबाईल आहे की!” ती म्हणाली.

तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. तुमच्या घरात मोबाईलला चांगली रेंज असेल, तर मोबाईलला हेडसेट लावा आणि काम भागवा. उगाच दुसरा खर्च करू नका. आमचे घर आहे जुन्या दगडी भिंतीचे आणि गाव आहे खोलगट जागी. पडवीत मोबाईल कधी लागतो, कधी लागत नाही. शिवाय रोपवाटिकेच्या पाटीवर, पावत्यांवर आणि कितीतरी शेतकऱ्यांच्या वह्यांत घरच्या फोनचाच नंबर आहे. तो मोडून कसा चालेल?

आता हा बिनतारी फोन चालतो कसा, ते पाहू. याचे दोन भाग असतात. एक भाग भिंतीजवळ ठेवायचा. त्याला दुकानदार ‘बेस’ म्हणतात. फोनची तार बेसमध्ये येते, विजेची तारही बेसमध्येच येते. दुसरा भाग हातात धरायचा, तो ‘हँडसेट’. बेस आणि हँडसेट यांच्यामध्ये तार नाही. मग आवाज जातो कसा? रेडिओलहरींवरून जातो. आकाशवाणीचे केंद्र आपल्या रेडिओशी बोलते, तसाच हा बेस हँडसेटशी बोलतो. फरक इतकाच की, रेडिओ नुसता ऐकतो. हँडसेट ऐकतोही आणि बोलतोही.

कंदिलाचा उजेड जवळ लख्ख असतो, लांब गेले की मंद होतो आणि मध्ये भिंत आली की अडतो. या लहरींचेही काहीसे तसेच आहे. भिंतीतून त्या थोड्याफार पार होतात. पण जाड दगडी भिंत, सिमेंटमधल्या लोखंडी सळ्या, पत्र्याची खोली यांतून जाताना त्यांची शक्ती पुष्कळ कमी होते. म्हणून बेस लोखंडी कपाटामागे किंवा कोपऱ्यात दडवून ठेवू नये. घराच्या मध्यावर, जरा उंचावर ठेवावा. डब्यावर लिहिलेले असते, ‘उघड्यावर ३०० मीटर, घरात ५० मीटर’. ते वाचून भुलू नका. ते अंतर मोकळ्या मैदानाचे आणि नव्या बांधणीच्या घराचे. आपल्या घरात किती, ते आपण चालूनच पाहावे.

आणखी एक गोष्ट वाचून पाहावी. काही बिनतारी फोन २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. घरातले वायफायही पुष्कळदा त्याच लहरींवर चालते. एकाच बोळातून दोन बैलगाड्या आल्यावर जी गत, तीच इथे. फोनमध्ये खरखर येते किंवा इंटरनेट अडखळते. त्यापेक्षा ‘डेक्ट’ जातीचा फोन बरा. त्याच्या लहरींची वाट वेगळी आहे.

पण इथे एक खोच आहे. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी गावी येताना प्रेमाने असला फोन घेऊन येतात. त्याच्या डब्यावर ‘डेक्ट ६.०’ असे असते. तो फोन इथे लावू नये. तिथे त्याला १९२० ते १९३० मेगाहर्ट्झ ही वाट दिलेली आहे. आपल्या देशात त्या वाटेवरून मोबाईल कंपन्यांची वाहतूक चालते. हा फोन मध्ये घुसला की आसपासच्या मोबाईलला त्रास होतो. म्हणून सरकारच्या दूरसंचार विभागाने असे फोन वापरण्यास मनाई केलेली आहे. शिवाय तिथली वीज सुमारे १२० व्होल्टची आणि आपली २३० व्होल्टची. तिथला चार्जर इथे लावला, तर जळून जाण्याची भीती. माणसाचे प्रेम ठेवून घ्यावे, फोन परत पाठवावा.

आता हेडसेटकडे वळू. आधी शब्द नीट वाचा. ‘हँडसेट’ आणि ‘हेडसेट’. हातात धरायचा तो हँडसेट. डोक्यावर घालायचा तो हेडसेट. एका मात्रेचा फरक, पण हजारो रुपयांचा घोटाळा! आमच्या गावातल्या एकाने फोनवरून हेडसेट मागवला आणि घरी दुसरा हँडसेट आला. तो आता तसाच फडताळात पडून आहे.

हेडसेट तीन तऱ्हांचे मिळतात.

पहिल्या तऱ्हेत हेडसेटला आखूड तार असते. ती हँडसेटच्या बाजूच्या लहान भोकात खोचायची आणि हँडसेट कमरेला अडकवायचा. ही सर्वांत स्वस्त तऱ्हा. भिंतीशी तार नसल्यामुळे माणूस मोकळा फिरतो. मात्र सगळ्याच हँडसेटना ते भोक नसते. असले तरी ते बहुधा अडीच मिलिमीटरचे असते आणि बाजारातले पुष्कळ हेडसेट साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचे असतात. म्हणजे कुलूप एक आणि किल्ली दुसरी. म्हणून हँडसेट बरोबर घेऊनच दुकानात जावे.

दुसरी तऱ्हा ब्लूटूथची. याला तार मुळीच नाही. (ब्लूटूथ हे नाव हजार वर्षांपूर्वीच्या हाराल्ड नावाच्या डॅनिश राजाच्या टोपणनावावरून ठेवले आहे. ‘निळा दात’ असा त्याचा अर्थ! शाळेत असतो, तर मुलांना ही गोष्ट रंगवून सांगितली असती.) याची पोच साधारण दहा मीटर, म्हणजे तीसेक फूट. मध्ये भिंत आली की त्याहून कमी. टेबलापाशी बसून काम करणाऱ्याला तेवढी पुरते.

इथेच आम्ही फसलो. मुलाने तालुक्याच्या दुकानातून फोन आणला. डब्यावर ‘ब्लूटूथ’ असे ठळक लिहिले होते. ब्लूटूथ हेडसेटही वेगळा आणला. घरी आल्यावर दोन तास खटपट केली, पण दोघांचे काही जुळेना. शेवटी नातवाने माहितीपुस्तिका वाचली आणि म्हणाला, “आजोबा, हे ब्लूटूथ मोबाईल जोडायला आहे. हेडसेट जोडायला नाही.” म्हणजे मोबाईलवर आलेला फोन या हँडसेटवर घेता येतो, एवढाच त्याचा उपयोग. दुकानदार म्हणाला, “डबा फोडला, आता परत घेत नाही.” मी जन्मभर मुलांना ‘आधी प्रश्न नीट वाचा’ म्हणून सांगत आलो. आणि स्वतः डबा न वाचता पैसे मोजले! तेव्हा दुकानातच स्पष्ट विचारा, “याला ब्लूटूथ हेडसेट जोडता येतो का? माझ्यासमोर जोडून दाखवा.” नुसत्या ‘हो’वर जाऊ नका.

तिसरी तऱ्हा म्हणजे डेक्टचा हेडसेट. याचा स्वतःचा वेगळा बेस असतो. तो तारेने फोनला जोडतात. याची पोच ब्लूटूथपेक्षा पुष्कळ जास्त, आवाजही स्वच्छ. पण किंमत फोनहूनही जड. शिवाय आणखी एक अडचण आहे. हेडसेट डोक्यावर आहे, माणूस अंगणात आहे आणि घंटी वाजली. फोन उचलायचा कोणी? काही फोनमध्ये हेडसेटवरचे बटण दाबले की फोन आपोआप उचलला जातो. काहींत तशी सोय नसते. मग टेबलावरच्या फोनचा रिसीव्हर उचलणारा एक यांत्रिक हात वेगळा विकत घ्यावा लागतो. तोही नसेल, तर धावत जाऊन फोन उचला आणि मग हेडसेटवर बोला! हेही दुकानातच विचारून घ्यावे.

हेडसेट घेताना डोक्यावर घालून पाच-दहा मिनिटे बसून पाहा. चप्पल जशी पायात घालून पाहतो, तसाच. कान दुखतो का? अंबाड्याला अडकतो का? एका कानाचा घ्यावा की दोन कानांचा? घरात काम करणाऱ्या बाईने एका कानाचाच घ्यावा, असे माझे मत आहे. दुसरा कान पाळण्याकडे, चुलीकडे आणि दाराकडे लागतो. बोलण्याची दांडी ओठांच्या कडेपासून दोन बोटे लांब असावी. अगदी तोंडापुढे धरली, तर श्वासाचा फुसफुस आवाज पलीकडे जातो. कानातला आवाज काम भागेल इतकाच ठेवावा. रोज तासन्‌तास मोठा आवाज ऐकून कान कायमचे अधू होतात.

हेडसेटवर ‘म्यूट’ नावाचे एक बटण असते. ते दाबले की आपला आवाज पलीकडे जात नाही. हे बटण पहिल्याच दिवशी शिकून घ्या. आमच्याकडे शिकायला एक दिवस उशीर झाला. “मेल्या, दुधाला हात लावू नकोस!” हे वाक्य मांजरासाठी होते, पण ते फलटणच्या एका भल्या गृहस्थाने ऐकले.

आता विजेची गोष्ट. जुना दोरीचा फोन वीज गेली तरी चालत असे, कारण त्याला लागणारी थोडी वीज टेलिफोनच्या तारेतूनच येते. बिनतारी फोनचे तसे नाही. वीज गेली की बेस बंद आणि बेस बंद की हँडसेट मुका. तुमच्याकडे अजून तांब्याची तार असेल, तर जुना दोरीचा फोन टाकून देऊ नका. त्याच लाईनवर जोडून ठेवा. पण पुष्कळ गावांत आता काचेच्या बारीक धाग्याची, म्हणजे फायबरची लाईन आली आहे. तिच्या पेटीलाही घरचीच वीज लागते. तिथे पेटी आणि बेस या दोहोंना इन्व्हर्टर किंवा बॅटरी हवीच. रात्री-अपरात्री डॉक्टरला फोन करण्याची पाळी आली आणि घरात अंधार असला, म्हणजे याचे महत्त्व कळते.

हँडसेटमध्ये पुन्हा पुन्हा भरता येणारे सेल असतात. दोन-तीन वर्षांनी ते दमतात, मग बदलावे लागतात. बदलताना तसेच, चार्ज होणारे सेल घालावेत. मी एकदा घड्याळाचे साधे सेल घातले होते. दिसायला अगदी तसेच! बेसवर ठेवल्यावर त्यांतून चिकट पाणी गळले आणि आतली पितळी पट्टी खाल्ली गेली. साधा सेल चार्ज केला तर फुटूही शकतो. हेडसेटचा सेल पुष्कळदा आतच बंद असतो. तो बदलता येतो का, हे आधी विचारावे.

पावती मात्र पक्की घ्यावी. वॉरंटीच्या कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्यावी आणि ती स्वतः वाचून पाहावी. आता वाचता येते ना? मग दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला पाहायचे? दुकानदार सदोष माल बदलून देत नसेल, तर १९१५ या नंबरावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार सांगता येते. आणि एक ध्यानात ठेवा. १५ जानेवारी २०२१ पासून घरच्या फोनवरून मोबाईलला फोन लावताना आधी शून्य दाबावे लागते. नवा फोन लागत नाही म्हणून ओरड करण्याआधी शून्य दाबले का ते पाहावे.

शेवटी आम्ही काय केले? ब्लूटूथचा हेडसेट मुलाने आपल्या मोबाईलला लावला, तो वाया गेला नाही. सूनबाईसाठी पहिल्या तऱ्हेचा, आखूड तारेचा हेडसेट घेतला. हँडसेट कमरेला, दोन्ही हात मोकळे. मागणी लिहून झाली की ती आकडा मोठ्याने वाचून दाखवते, “सोळा हजार. एकावर सहा आणि तीन शून्ये. बरोबर ना, दादा?” पलीकडून ‘हो’ आल्याशिवाय ती फोन ठेवत नाही.

मी हँडसेट घेऊन घरभर आणि परसात चालून पाहिले. विहिरीपर्यंत आवाज स्वच्छ येतो. विहिरीपलीकडे, पत्र्याच्या गोठ्यात शिरले की तुटतो. तेव्हा गोठ्यात जाण्याआधी सूनबाई समोरच्याला सांगते, “पाच मिनिटं थांबा हं, म्हशीला पेंड घालून येते.”