घडीची भांडी

लातूर-नांदेडात प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी आलेले विद्यार्थी ज्या भाड्याच्या खोल्यांत राहतात, तेथे पुस्तकांची तजवीज केल्यावर स्वयंपाकाला जेमतेम एक कोपरा उरतो, आणि घडी होणाऱ्या भांड्यांचे प्रयोजन तेथेच उमगते. जुन्या घरांतील उतरंड मडक्यावर मडके चढवून जमीन वाचवी. सिलिकोनचे पातेले मात्र स्वतःच चपटे होते, कारण त्याच्या भिंतीतील जाड कड्यांमध्ये योजलेली पातळ वलये दाबताच बिजागरीप्रमाणे वळतात. हे द्रव्य सुमारे २०० अंश सेल्सिअस तापमान सोसते, तरी प्रत्यक्ष ज्वाळेवर टिकत नाही. म्हणून शेगडीवरच्या भांड्याला पोलादी तळ जोडावा लागतो. हळद-तेलाचे डाग वळ्यांत मुरतात, ही तसदी निराळीच! ज्वारीचे पीठ मळायला, माझ्या मते, परातच बरी. निवडलेली भाजी वा भिजवलेली डाळ ठेवायला ही भांडी खुशाल वापरावीत.