वाचनाची सुरुवात कानापासून

मूल तीन वर्षांचे झाले, की घरोघरी भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता लागतो. 'क कमळाचा, ग गणपतीचा' हे घोकून पाठ होते. पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखविले जाते. तेच मूल दुसरीत गेल्यावर चार ओळी अडखळत वाचते, तेव्हा पालक चक्रावतात. तक्ता पाठ असणे आणि वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाचनाचा पाया आधी कानात घातला जातो. शब्द ध्वनींचा बनलेला असतो, हे मुलाला उमगावे लागते आणि त्यासाठी भेंड्यांसारखा खेळ नाही. 'मासा'चा शेवट 'सा'ने होतो. मग 'सा'ने सुरू होणारा शब्द कोणता, हे शोधताना मूल नकळत शब्दाची फोड करते. त्याला पाटी-पेन्सिलही लागत नाही. स्वयंपाक करताना, बसच्या रांगेत, कोठेही हा खेळ रंगतो.

अक्षरे शिकविताना 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत क्रमानेच जाण्याचा आग्रह सोडलेला बरा. म, क, ल, र, ब ही पाच अक्षरे आणि काना एवढ्या भांडवलावर मामा, काका, लाल, मका, बाक असे शब्द तयार होतात. 'मला वाचता आले' हा आनंद मग बाराखडी संपेपर्यंत लांबणीवर पडत नाही. घ-ध, भ-म अशा सारख्या दिसणाऱ्या जोड्या मात्र एकाच वेळी देऊ नयेत.

देवनागरीतील काही खाचखळगे सरावलेल्या मोठ्यांना दिसतच नाहीत. पहिली वेलांटी अक्षराआधी लिहिली जाते, पण उच्चारली जाते नंतर. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' दिसायला एकच, ऐकायला निराळा. 'सूर्य', 'चक्र' आणि 'ट्रक' यांत एकाच 'र'ची तीन रूपे! येथे मूल थबकले, तर तो आळस नव्हे. अशा वेळी रागावणारे घर मुलाला पुस्तकापासून तोडते.

महागडी साधने हवीत, हाही गैरसमजच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे सुरू केलेल्या बालशिक्षणाच्या कामात शिंपले, बिया, पाने हीच साधने होती. शहरी घरात दुकानांच्या पाट्या, बसवरील फलक, बिस्किटाचा पुडा आहेतच. रोज रात्री दहा मिनिटे ओळीखाली बोट फिरवीत गोष्ट वाचून दाखवावी; तीच गोष्ट विसाव्यांदा मागितली, तरी कंटाळू नये. इंग्रजी माध्यमातील मुलांना तर मराठी छापील शब्द भेटण्याची ही महत्त्वाची जागा असते.

एवढे करूनही दुसरी संपताना साधे शब्द जुळत नसतील, तर आधी डोळे व कान तपासून घ्यावेत आणि डिस्लेक्सियाची शक्यता तज्ज्ञांकडून पडताळावी.