पांढरी वाइन : जपणूक आणि परीक्षा

नाशिककडील मळ्यांतल्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँ इत्यादि द्राक्षांची पांढरी वाइन २००० सालच्या सुमारास बाजारांत आली, आणि तेव्हांपासून तिची एखादी बाटली भेट म्हणून आपल्या घरांतही येऊं लागली. घेणारा गृहस्थ ती मोठ्या आदरानें दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत उभी करून ठेवतो. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असें त्यानें कोठें तरी ऐकलेलें असतें. निवडक वाइनींपुरतें तें खरें आहे. साधी पांढरी वाइन मात्र एक-दोन वर्षांत संपवावी हेंच बरें. तिचें सारें वैभव ताज्या फळाच्या वासांत असतें, आणि तो वास अल्पायुषी.

ती ठेवण्यास सुमारें १२-१३ अंश सेल्सियसची, सदा सारखी राहणारी थंडी उत्तम. वैशाखांत घरांत ३५ अंश तापतें, तेव्हां कपाटापेक्षां रेफ्रिजरेटर शतपटीनें बरा. बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच सुकत नाहीं. फिरकीच्या झांकणाची उभी चालते. रंगहीन कांचेची बाटली तर उजेडापासूनही जपावी. थोडे तास उन्हांत राहिली तरी आंतल्या वाइनला शिजलेल्या कोबीसारखा वास लागूं शकतो.

परंतु खरी घाई बूच निघाल्यावर. हवेंतील प्राणवायूमुळें मद्यार्काचें ॲसिटाल्डिहाइड बनूं लागतें. मग कापून ठेवलेल्या, तांबूस पडलेल्या सफरचंदाचा वास येतो, आणि फिकट पिवळा रंग गडद होत होत तपकिरीकडे झुकतो. त्याच हवेच्या आधारें कांहीं सूक्ष्म जंतु मद्यार्काचें ॲसेटिक अम्ल करितात. म्हणजे वाइनचा शिरका होतो. वाइनचे रोग अशा जंतूंमुळें होतात, हें लुई पाश्चर यांनीं १८६६ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखविलें. यास्तव उरलेली वाइन घट्ट बंद करून थंडींत ठेवावी व तीन ते पांच दिवसांत संपवावी. थोडीच उरली असेल तर लहान बाटलींत कांठोकांठ भरावी. हवेला जागाच राहत नाहीं.

प्रयोगाच्या तासाला मी मुलांना कुपीला नाक लावूं देत नसें. येथें मात्र नाक हेंच मुख्य उपकरण. नवी बाटली उघडतांच भिजलेल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला, तर दोष बहुधा बुचाचा असतो, आपल्या साठवणीचा नव्हे. ती बाटली दुकानदाराकडे परत न्यावी.

उलट, डोळे फसवितात. थंडींत ठेवलेल्या बाटलीच्या तळाशीं कधीं कांचेच्या कणांसारखे स्फटिक दिसतात, आणि घाबरून लोक चांगली वाइन मोरींत ओततात. वस्तुतः ते द्राक्षांतल्याच टार्टरिक अम्लाचे क्षार होत. गारव्यांत ते विरघळलेले राहूं शकत नाहींत, म्हणून खालीं बसतात. कांहीं जातींच्या बेकिंग पावडरींतही हाच पदार्थ असतो. बाटली न हलवितां हळूच ओतावें आणि तळ मागें ठेवावा. तरीही शंका राहिली, तर एक कण उकळत्या पाण्यांत टाकून ढवळावा. स्फटिक विरघळून जाईल. कांच असेल तर ती तशीच राहील.