प्लगला करंट नाही? सीडीआय बदलण्याआधी इंजिनला विचारा



हिंगोली जिल्ह्यात फिरलात तर एक गोष्ट हमखास दिसते. सोयाबीन पेरून वीस दिवस झाले की सगळ्यांना एकाच आठवड्यात कोळपणी करायची असते. बैलजोडी सांभाळणं परवडत नाही, मजूर मिळत नाही आणि पाऊस उघडीप देईल त्या दोन-तीन दिवसांतच काम उरकावं लागतं. वसमतकडे हळदीचा पट्टा, तिथे तर तणाचा ताप वेगळाच. म्हणून गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याच्या डोक्यात एकच कल्पना येते: भंगारातलं मोटरसायकलचं इंजिन आणायचं, फ्रेमवर बसवायचं, चेन टाकायची, मागे कोळपं जोडायचं. झालं मशीन!

कल्पना चांगलीच आहे. पण फ्रेम, वेल्डिंग, चाकं हे सगळं जमतं आणि गाडी अडते ती एका छोट्या काळ्या डबीवर. किक मारून मारून पाय दुखतो आणि प्लगला करंट नसतो. आज त्या डबीबद्दलच बोलू. व्हिडिओत हे भरभर झालं होतं, इथे सावकाश वाचा.

इंजिन आणलं, पण अर्धं इग्निशन भंगारवाल्याकडेच राहिलं

मोटरसायकलच्या इंजिनात आपल्याला जे दिसतं त्यात ठिणगी पाडणारी सगळी यंत्रणा नसते. इंजिनच्या आत मॅग्नेट, मॅग्नेट कॉइल आणि पल्सर कॉइल असते (काही मिस्त्री तिला पिकअप म्हणतात). बाकी सीडीआय, एचटी कॉइल, चावीचा स्विच आणि वायरिंग हे सगळं गाडीच्या चेसिसवर असतं. भंगारवाला इंजिन खोलून देतो आणि हे सामान चेसिसबरोबर जातं. मग आपण बाजारात जाऊन म्हणतो, "शंभर सीसीचा सीडीआय द्या." दुकानदार हातात येईल तो देतो.

इथेच घोळ होतो. कारण सीडीआय मुख्यतः दोन जातीचे. एसी सीडीआयला वीज मॅग्नेट कॉइलमधल्या एका वेगळ्या गुंडाळीतून थेट मिळते. बॅटरी नसली तरी चालतो. डीसी सीडीआयला बॅटरीचे 12 व्होल्ट लागतात आणि तो आतल्या आत ते वाढवून घेतो. काम दोघांचं एकच: कपॅसिटर भरायचा, पल्सरचा इशारा आला की तो एका झटक्यात एचटी कॉइलमध्ये रिकामा करायचा.

आता उलटापालट झाली तर काय? एसी सीडीआयला बॅटरीचे 12 व्होल्ट दिले तर ठिणगीच पडत नाही. डीसी सीडीआयला मॅग्नेटच्या गुंडाळीची वीज दिली तर ती शंभर व्होल्टच्याही वर जाते, आणि डबी जळते. बाहेरून काहीच दिसत नाही, कारण आत सगळं राळेत बंद. मग दुसरी डबी आणायची, तीही जळते, आणि आपण म्हणतो, "माल डुप्लिकेट निघाला." माल डुप्लिकेट असतोही, पण दर वेळी नाही.

जुन्या होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये रंग साधारण असे: हिरवी वायर अर्थ, काळी-लाल मॅग्नेटच्या गुंडाळीकडून येणारी, निळी-पिवळी पल्सरची, काळी-पिवळी एचटी कॉइलकडे जाणारी आणि काळी-पांढरी बंद करण्याच्या स्विचची. पण रंगावर विसंबू नका. भंगारातल्या इंजिनाच्या वायरी तीन मिस्त्रींच्या हातातून गेलेल्या असतात, कुठे लाल तर कुठे टेलिफोनची वायर जोडलेली असते. मल्टिमीटर घ्या आणि प्रत्येक वायर इंजिनपर्यंत शोधून कागदावर लिहा. आणि कपलर बसला म्हणजे सीडीआय जुळला, असं तर अजिबात नाही.

टायमिंगचं काय?

ठिणगी पडली, इंजिन सुरू झालं, आपण खूश. पण पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधी ठिणगी पडावी लागते आणि वेग वाढला की ती आणखी आधी पडावी लागते. किती आधी, हे सीडीआय ठरवतो, तेही त्या विशिष्ट मॅग्नेटवरचा उंचवटा आणि पल्सरची जागा धरून. दुसऱ्या मॉडेलचा सीडीआय लावला की हे गणित बिघडतं. ठिणगी फार आधी पडली तर किक उलटी मारते, घोटा सुजतो, इंजिन ठोकतं. फार उशिरा पडली तर ताकद लागत नाही, सायलेन्सर तापून लाल होतो आणि पेट्रोल पाण्यासारखं जातं. पल्सरला दोन वायरी असतील आणि त्या उलट्या जोडल्या तरी हाच प्रकार: ठिणगी पडते, पण भलत्याच वेळी.

तपासायची सोय कंपनीनेच दिलेली आहे. अशा बऱ्याच इंजिनांच्या मॅग्नेटवर टी आणि एफ अशा खुणा असतात. टी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, एफ म्हणजे मंद वेगात ठिणगी पडायची जागा. टायमिंग लाइट लावून मंद वेगात एफची खूण जागेवर येते का ते बघा. हा लाइट फार महाग नसतो, पण खेड्यातल्या वर्कशॉपमध्ये तो क्वचितच दिसतो. माझ्या मते अशी मशीन बनवणाऱ्याने वेल्डिंगच्या दुसऱ्या होल्डरच्या आधी हा घ्यावा.

डबी बदलायच्या आधी

अनेकदा सीडीआय बिचारा चांगला असतो. "गरम झालं की बंद पडतं, अर्ध्या तासाने पुन्हा चालू होतं" ही तक्रार आली तर आधी पल्सर आणि मॅग्नेट कॉइल तपासा. तापल्यावर गुंडाळीतला तुटका धागा सुटतो, थंड झाल्यावर जुळतो. गार असताना आणि बंद पडल्या पडल्या, असं दोनदा रेझिस्टन्स मोजा आणि त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशी ताडून बघा.

दुसरा चोर म्हणजे अर्थिंग. आपण फ्रेमला छान ऑइल पेंट मारतो, इंजिन रबर बुशवर बसवतो आणि सीडीआयची अर्थ वायर त्याच रंगावर नटाने आवळतो. रंगातून करंट जात नाही! इंजिनपासून फ्रेमपर्यंत एक जाड वायर टाका, थिंबलखालचा रंग घासून काढा.

एक इशारा. ठिणगी बघायची असेल तर प्लग कॅपमध्ये ठेवून, इंजिनच्या धातूला टेकवून बघा, आसपास पेट्रोल सांडलेलं नको. कॅप हवेत उघडी ठेवून किक मारत राहिलात तर चांगला सीडीआयही खराब होऊ शकतो. आणि सीडीआयकडून एचटी कॉइलकडे जाणाऱ्या वायरीला हात लावून "करंट आहे का" बघू नका, तिथे दोनशे-तीनशे व्होल्टचा फटका बसतो.

बंद होणं हे सुरू होण्याइतकंच महत्त्वाचं

हा भाग मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण यात माणसाचा पाय आहे.

डीसी सीडीआयचं मशीन बंद करताना आपण बॅटरीची वीज तोडतो. वायर तुटली तर मशीन आपोआप बंद. एसी सीडीआयचं उलटं आहे. तिथे बंद करण्याची वायर अर्थला टेकवावी लागते. म्हणजे शेतात हादऱ्याने ती वायर तुटली तर स्विच कितीही दाबा, मशीन चालूच राहणार! मोटरसायकलवर क्लच, ब्रेक असतो. कोळपणी यंत्राच्या मागे चालणाऱ्या बाईच्या पदराशी फिरतं दातं असतं.

म्हणून एसी सीडीआय वापरणार असाल तर हँडलवर असा लिव्हर बसवा की हात सुटला की संपर्क जुळेल आणि वायर अर्थला टेकेल. शिवाय इंजिनाजवळ दुसरा स्विच, त्याची वायर वेगळी. खर्च फार नाही, पण हे नसलेलं मशीन विकू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

मग शेतीच्या मशीनला कुठला बरा? बॅटरीची कटकट नको म्हणून एसी बरा वाटतो आणि बऱ्याच अंशी खरंही आहे. पण तुमच्या इंजिनातल्या मॅग्नेटमध्ये ती वेगळी गुंडाळी असेल तरच. नसेल तर मॅग्नेट कॉइल प्लेट बदलण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा डीसीच ठेवा आणि रेग्युलेटर-रेक्टिफायरसकट चार्जिंग पूर्ण करा. नाहीतर दोन-तीन तासांत बॅटरी उतरते आणि ठिणगी मरते.

आणखी एक गोष्ट. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आणि ईसीयू आला. अशा इंजिनला सीडीआय शोधत बसू नका. त्याला ईसीयू, सेन्सर, पंप असा सगळा संसार लागतो. सुरुवात करणाऱ्याने कार्ब्युरेटरचं जुनं इंजिन घ्यावं. आणि पंखा विसरू नका. मोटरसायकलला धावताना वारा लागतो, कोळप्याला माणसाच्या चालीने कुठला वारा?

हिशोब

फक्त मांडणीसाठी आकडे धरू, तुमच्याकडचे वेगळे असतील. इंजिन 9,000, फ्रेम आणि चाकं 8,000, चेन-स्प्रॉकेट 2,500, इग्निशनचं सगळं सामान 2,500, मजुरी सहा दिवस 700 प्रमाणे 4,200. एकूण 26,200 रुपये. इग्निशनचा वाटा दहा टक्क्यांच्या आत. पण ऐन कोळपणीत शेतकऱ्याचा फोन येतो तो याच दहा टक्क्यांसाठी. योग्य मॉडेलच्या डबीऐवजी लोकल लावून 600 वाचवले आणि तीन फेऱ्या माराव्या लागल्या, एका फेरीचे पेट्रोल आणि अर्धा दिवस धरून 500, तर 1,500 गेले. शिवाय त्या शेतकऱ्याने चावडीवर काय सांगितलं, ते कुठल्या वहीत लिहिणार?

रस्त्यावर नको

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार आठवतात ना? किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी साधारण 60,000 रुपयांत घरी बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण त्याच वेळी हेही लिहिलं की नियमात बसत नसल्याने अधिकारी आज ना उद्या ही गाडी थांबवतील. जानेवारी 2022 मध्ये लोहार यांना तिच्या बदल्यात बोलेरो मिळाली. कौतुक हक्काचं होतं. पण तशा दहा जीपा बनवून विकता आल्या नसत्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. 2019 च्या दुरुस्तीत कलम 182-अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुगाड हेही मोटार वाहनच, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आहे. म्हणून जुन्या रिक्षात मोटरसायकलचं इंजिन टाकून एमएच-38 च्या पाटीवर फिरवायचा विचार असेल तर सोडा. मागे चालत वापरायचं शेतीचं यंत्र बनवा, ते शेतापर्यंत दुसऱ्या वाहनातून न्या. निलंग्याच्या मकबूल शेख यांचा बुलेट ट्रॅक्टर याच कारणासाठी बघण्यासारखा आहे, त्यांनी शेतकऱ्याचं काम धरलं. पुढे अनुदानाच्या यादीत जायचं असेल तर मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल लागतो, त्याची चौकशी परभणीच्या कृषी विद्यापीठापासून सुरू करा.

भंगारातून इंजिन घेताना इंजिन नंबर, विकणाऱ्याचं नाव आणि सहीची पावती घ्या. खोडलेला नंबर असेल तर फुकट दिलं तरी घेऊ नका.

आणि तुमच्या बिलावर एवढं लिहा: इंजिन कुठल्या मॉडेलचं, सीडीआय एसी की डीसी, कुठल्या गाडीचा, प्लगचा नंबर. वायरिंगचा साधा नकाशा प्लॅस्टिकमध्ये घालून टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. पुढच्या जूनमध्ये सेनगावच्या कुठल्याही गॅरेजवाल्याने झाकण उघडलं की त्याला कुठली डबी आणायची ते कळलं पाहिजे.