ग्रीकांची साक्ष कितपत ग्राह्य?

‘भारतात गुलाम नाहीत’ हे मेगॅस्थेनिसचे विधान आपण वर्गात अभिमानाने सांगतो. सोने उकरणाऱ्या मुंग्या आणि तोंडावाचून केवळ वासावर जगणारी माणसे त्यानेच वर्णिली आहेत. ती मात्र सोयिस्करपणे वगळतो. स्ट्रॅबोने त्याला खोटारड्यांच्या पंक्तीत बसवले. तरीही पाटलिपुत्राच्या लाकडी तटाचे त्याचे वर्णन उत्खननात खरे ठरले. मग हा साक्षीदार खरा की खोटा?

प्रश्नच मुळी चुकीचा आहे, आणि ते आपल्या महाराष्ट्रातच अधिक स्पष्ट दिसते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ईजिप्तमधील एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ ही सागरी मार्गदर्शिका लिहिली. तीत सोपारा, कल्याण, चौल ही बंदरे उत्तरेकडून दक्षिणेकडे, अगदी क्रमाने येतात. कल्याणला लागलेले ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याचा धोका आहे, असा इशाराही तीत आहे. हा इशारा सातवाहन-क्षत्रप वैरातून आला असावा. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप उठवलेला आहे.

पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ असून तेथून पुष्कळ साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोचला जाते, असेही तो लिहितो. काळाचौकीच्या गिरण्यांच्या सावलीत वाढलेल्यांना अशा नोंदीचे मोल सांगायला नको. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी हे तगर कधी देवगिरीला, कधी जुन्नरला नेऊन बसवले; १९०१ मध्ये फ्लीट यांनी ते धाराशिव जिल्ह्यातील तेर असल्याचे दाखवले. तेर पैठणच्या आग्नेयेस आहे, एवढाच काय तो फरक!

हाच चोख व्यापारी अलेक्झांडर गंगेपर्यंत गेला होता असे लिहितो, आणि पूर्वेकडे घोडमुखी लोक वसवतो. मालाच्या भावात चूक झाली तर भांडवल बुडाले असते. घोडमुख्यांपायी कोणाचे काय बुडणार होते? तेव्हा साक्ष माणसागणिक नव्हे, वाक्यागणिक तपासावी लागते.

आणि गुलामांविषयीचे ते लाडके विधान? अशोकाच्या नवव्या शिलालेखात दास व सेवक यांच्याशी नीट वागण्याचा उपदेश आहे. त्याच लेखाचा एक तुकडा १९५६ मध्ये सोपाऱ्याजवळ भुईगावला मिळाला.