ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी

ठासणीच्या बंदुकीने नेमबाजी : नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाच्या जुन्या बनावटीच्या बंदुकीने अथवा रायफलीने स्थिर लक्ष्य वेधण्याचा क्रीडाप्रकार. यात काळी दारू वापरतात. तिच्यात साधारणपणे ७५% सोरा, १५% कोळसा व १०% गंधक असते.

पेशवाईच्या अखेरीस एतद्देशीय पायदळात तोड्याची, तर इंग्रजी पलटणींत चकमकीची बंदूक रूढ होती. येरवडा (पुणे) येथे मुळा-मुठेच्या उतारावर १६ नोव्हेंबर १८१७ रोजी दुसऱ्या बाजीरावाचे सैन्य व जनरल स्मिथचे सैन्य यांच्यात झुंज झाली आणि दुसऱ्या दिवशी पुणे इंग्रजांच्या हाती गेले. त्या काळच्या या दोन्ही प्रकारच्या बंदुकांची नळी सामान्यतः आतून गुळगुळीत असे. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असल्याने ती आतल्या आत आपटत बाहेर पडे व सु. १०० मी. पलीकडे नेम बेभरवशाचा ठरे. म्हणून सैनिक रांगेने एकदम बार काढीत.

नळीत सर्पिल खाचा पाडल्या म्हणजे गोळीला स्वतःभोवती फिरकी मिळते व तिचा मार्ग स्थिर राहतो. १८५३ च्या एनफील्ड रायफलीच्या ०·५७७ इंच (सु. १४·७ मिमी.) व्यासाच्या नळीत अशा तीन खाचा होत्या. तिची पोकळ बुडाची शिशाची गोळी नळीत सहज उतरे आणि बार उडताच वायुदाबाने फुगून खाचांत घट्ट बसे. याच रायफलीच्या काडतुसांना लावलेल्या वंगणावरून १८५७ मध्ये शिपायांत असंतोष भडकला.

या नेमबाजीत यश मुख्यतः भरणीच्या एकसारखेपणावर अवलंबून असते. दारू प्रत्येक वेळी मापाने घेतात, गोळी दारूवर सारख्याच दाबाने बसवितात आणि टोपी सर्वांत शेवटी चढवितात. दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यानंतर घनरूपात उरतो. ही काजळी नळीत साचून पुढील गोळ्यांचा नेम बिघडवते. म्हणून अनेक नेमबाज दोन बारांच्या दरम्यान नळी ओलसर फडक्याने पुसतात. काजळी हवेतील ओलावा शोषते व पोलाद गंजते. त्यामुळे सराव संपताच नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तिला तेल देतात. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढल्यावर बार उडण्यास क्षणभर विलंब लागतो. तेवढा वेळ नेम ढळू न देणे हे खरे कौशल्य होय.

एमएलएआयसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्पर्धांत ३० मिनिटांत १३ बार काढून त्यांतील सर्वोत्तम १० धरतात.

जुन्या नळीत धूरहीन दारू भरल्यास जास्त दाबाने ती फुटू शकते. दारू व गोळी यांत पोकळी राहणेही तितकेच घातक असते. नळीत विस्तव उरलेला असू शकतो, म्हणून साठ्याच्या भांड्यातून थेट दारू ओतत नाहीत. भारतात वापरण्याजोगी अशी बंदूक बाळगण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवाना लागतो; तिचे वय हा त्यास अपवाद ठरत नाही.